जानकेच्या वळणावर हळू या

मी वाट बोलतेय. जरा हळू बोलते, कारण खाली लोमित्सा नदी वाहतेय आणि माझं बोलणं तिच्या कानावर जायला नको.

भित्री म्हणा मला, माझी हरकत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना? माझ्यापाठी नदी आहे. पाठी तरी कशाला, अगदी पोटाखाली. द्रेनोवा गावापासून वरच्या कुरणापर्यंत ती माझ्या अंगाला अंग घासत येते, आणि माझ्या जन्मापासून मला थोडी थोडी खातेय.

मला कुणी नकाशा काढून आखलं नाही. शेळ्यांच्या पायांनी माझा जन्म झाला. पहिली शेळी कड्यापाशी आली, खालचं पाणी बघून बिचकली आणि डोंगराच्या बाजूला वळली. मागच्या सगळ्या तिच्यामागून वळल्या. झालं माझं पहिलं वळण. पुढे एकीच्या पायाखालून दगड सुटला, तिथे दुसरं झालं. आणखी वर कुणाला तरी अस्वलाचा वास आला, तिथे तर मी चक्क उलटी फिरलेय. माझ्या अंगावरचं प्रत्येक वळण म्हणजे कुणाची तरी भीती आहे. सरळ वाटा शूरांच्या असतात. मी त्यातली नव्हे.

शेळ्यांमागून माणसं आली. नदीवर पाणचक्की होती, तिथे गाढवांवर पोती लादून गावकरी धान्य दळायला न्यायचे. माणसांची एक गंमत सांगते. चढताना ती गप्प असतात आणि उतरताना शेजाऱ्याची उणीदुणी काढतात. चढणीवर त्यांना धाप मी लावते, म्हणून गावातली निम्मी भांडणं माझ्यामुळे टळली असतील. पण श्रेय कोण देतं?

मग शहरात विजेची गिरणी आली. पाणचक्की बंद पडली. तरुण माणसं कामाधंद्यासाठी राजधानीत, सोफियाला गेली, काही देशाबाहेर गेली, आणि माझ्यावर काटेरी जाळी वाढली. त्या वर्षांत मला नदीपेक्षाही एका गोष्टीची भीती वाटायची. वाटेवर कुणी चाललंच नाही, तर ती वाट उरते का?

एक माणूस मात्र चालत राहिला. रांगेल. तो गावचा शेळ्या राखणारा. तरुण असताना त्याची नेवेना त्याच्यासाठी भाकरी आणि पांढरं चीज घेऊन वर यायची. दोघं माझ्या एका वळणावर, नदीच्या बाजूला पाय सोडून बसायची. नेवेनाच्या खिशात जानका असायच्या. जानका म्हणजे आमच्याकडचे आंबट, रानटी आलुबुखार. ती ते मिठाला लावून खायची आणि कुणाची बी लांब जाते याची रांगेलशी पैज लावायची. एक बी नदीपर्यंत पोचलीच नाही. माझ्या काठावर पडली, रुजली, आणि तिचं झाड झालं. तेच जानकेचं वळण. नेवेना गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. झाड मात्र दरसाल खोऱ्यात सगळ्यांच्या आधी फुलायचं.

पुढे रांगेलचे गुडघे गेले. शेळ्या विकल्या. त्यांच्या घंटा तेवढ्या त्याने विकल्या नाहीत, पेटीत घालून ठेवल्या. मला वाटलं, संपलं आपलं.

आणि मग चाकं आली.

रांगेलची मुलगी कालिना शिकायला शहरात गेली होती. येताना भूगोलाची पदवी आणली आणि डोंगरी सायकलचं वेड आणलं. शाळेत मुलांना नद्या शिकवायची आणि सुट्टीत कोयता घेऊन माझ्या अंगावरचे काटे तोडायची. पहिल्यांदा ती सायकलवरून उतरली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. पायांचं मला कळतं. पाय टेकतो, उचलतो, मधे मला श्वास घ्यायला फुरसत मिळते. चाक टेकलं की टेकलंच. ते अंगावरून ओढत जातं, ब्रेक दाबला की सालटं काढतं.

पण कालिनाचा हात चांगला होता. तिने पावसाचं पाणी माझ्यावरून वाहू नये म्हणून आडवे चर काढले, भुसभुशीत जागी दगड बसवले. चिखल असेल त्या दिवशी ती कुणालाही चाक लावू द्यायची नाही. तेवढ्यात सरकारने सगळं खोरंच निसर्ग उद्यान म्हणून जाहीर केलं, शहरातून सायकलवाले येऊ लागले, आणि मी पुन्हा जगात आले. ज्या वळणांची मला लाज वाटायची त्यांच्यासाठीच ते यायचे. वळणं संपली की म्हणायचे, चला, पुन्हा वर.

रांगेलला हे मुळीच पसंत नव्हतं.

"भूगोल शिकवणारी बाई तू," तो म्हणायचा, "आणि डोंगर उतरायला चाकं लागतात?"

"बाबा, तुमच्या शेळ्यांना चार पाय होते. मला दोन चाकं तरी असू द्या."

"शेळी दूध द्यायची. तुझी सायकल काय देते?"

"जावई देणार आहे," कालिना म्हणाली आणि पळाली.

जावई म्हणजे यासेन. शहरातला, दातांचा डॉक्टर. मनाचा चांगला, पण वेगाचा भुकेला. माझ्यावरून तो उतरायला लागला की मी डोळे मिटून घ्यायचे. "लोकांचे दात बसवतो आणि स्वतःचे एक दिवस इथे पाडून घेणार," असं रांगेल गावभर सांगायचा. मेमध्ये लग्न ठरलं होतं तरी सासऱ्याने त्याला एकदाही नीट नमस्कार केला नव्हता. यासेन हात हलवायचा, रांगेल काठीकडे बघायचा.

एकदा तर यासेन वळणावरून असा आला की रांगेलला जाळीत उडी मारावी लागली.

"अरे, माझी आंधळी शेळीसुद्धा कळवून यायची!"

"चुकलं, रांगेलकाका. पण मी ब्रेक दाबला होता."

"ब्रेक तू दाबलास, काटे मला टोचले!"

दुसऱ्या दिवशी रांगेल ती घंटांची पेटी घेऊनच वर आला. त्याने हुकूम सोडला, ज्याला ही वाट उतरायची असेल त्याने हँडलला घंटा बांधायची. कालिनाला त्याने कळपाच्या म्होरकीची मोठी, घोगरी घंटा दिली. यासेनला दिली सगळ्यांत लहान, किणकिणती. "करडाला करडाचीच," म्हणाला. सगळे हसले. यासेनने ती मुकाट्याने बांधली.

तेव्हापासून खोऱ्यात पुन्हा घंटा वाजू लागल्या. मी शेळ्यांच्या पायांची लेक. तो आवाज ऐकून मला काय वाटलं ते तुम्हाला काय सांगू. कोण येतंय हे रांगेलला घंटेवरून कळायचं आणि मलाही. थोडे दिवस मी चक्क घाबरायची विसरले होते.

तेच नडलं.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं आणि एकदम वितळलं. लोमित्सा फुगली, गढूळ झाली. जानकेच्या वळणाखाली ती माझी माती काढू लागली. एकदम नाही. एक ढेकूळ, मग एक गोटा, मग पुन्हा ढेकूळ. पाण्यात टप् आवाज यायचा आणि माझ्या काळजात धस्स व्हायचं. वरून मी होते तशीच दिसत होते, सपाट, दाबलेली, चालण्याजोगी. खाली काही नव्हतं. जानका वरून कळ्यांनी भरली होती आणि खाली तिची मुळं हवेत लोंबत होती.

आपल्यावर भरवसा टाकून माणसं येतायत आणि आपण पोकळ आहोत, हे फक्त आपल्यालाच ठाऊक असणं, याच्यासारखी भीती नाही. मला बोंब मारता येत नाही, धावता येत नाही. वाटेला एकच भाषा येते. मी एक भेग दाखवली.

कालिनाला ती दिसली. शाबास तिची! ती सायकलवरून उतरली, भेगेत तिने खडा टाकला आणि कान लावला. खडा कुठेच आपटला नाही, थेट पाण्यात वाजला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती पोटावर सरपटत मागे गेली. मग पिशवीतून प्लॅस्टिकची लांब फीत काढली, धोक्याच्या जागी बांधतात तसली लाल-पांढरी. वरच्या बाजूला खुंट ठोकला, तिथून फीत माझ्यावरून आडवी घेतली, जानकेच्या खोडाला वेढा दिला आणि गावाकडच्या बाजूच्या खुंटाला नेऊन बांधली. रविवारी यासेनला घेऊन यायचं, डोंगराच्या बाजूने नवं वळण खोदायचं, असा तिचा बेत होता. घरी तिने बजावलं, "बाबा, जानकेपाशी फीत लावलीय. ती ओलांडायची नाही." यासेनला म्हणाली, "फीत दिसली की उतरायचं."

मी सुटकेचा श्वास सोडला. पण महिना कुठला होता? मार्च.

मार्चला आमच्याकडे मार्ता आजी म्हणतात, घटकेत हसते, घटकेत फणफणते. तिची मर्जी राहावी म्हणून एक मार्चला लोक एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीची मार्तेनित्सा बांधतात. वर्षभर धडधाकट राहा, असं म्हणतात. मग पहिला करकोचा दिसला की ती सोडायची आणि फुललेल्या झाडाला बांधायची. आणि आमच्या खोऱ्यात पहिलं कोण फुलतं ते मी तुम्हाला सांगितलंय.

शनिवारी गावात विजेच्या खांबावर करकोचा उतरला. झालं, शाळेतली सगळी पोरं माझ्यावरून कलकलत निघाली. कालिना त्यांच्यात नव्हती, पण सोबतची दुसरी बाई शहाणी होती.

"थांबा! फीत दिसत नाही का? पलीकडे जायचं नाही!"

"मग बाई, मार्तेनित्सा कुठे बांधायच्या?"

बाईंनी झाडाकडे बघितलं, फितीकडे बघितलं. "इथेच बांधा, फितीला. फीत झाडाला बांधलीय ना? मग पोचलं झाडाला."

पोरांनी फितीला मार्तेनित्सा बांधल्या. गोंडे, लोकरीच्या बाहुल्या, वेण्या. मोठी माणसं आली, त्यांनीही तिथेच बांधल्या. संध्याकाळपर्यंत फितीचं प्लॅस्टिक दिसेनासं झालं होतं. मग मार्ता आजी फणफणली, पाऊस पडला, लोकर भिजून जड झाली आणि रविवारी उजाडताना वाऱ्याच्या एका झटक्यात फीत गावाकडच्या खुंटापासून तुटली. चिखलात लोळत पडली.

थोड्या वेळाने मला काठीचा आवाज आला. रांगेल.

त्याच्या मनगटावर कालिनाने बांधलेली मार्तेनित्सा होती. ती तो दरसाल नेवेनाच्या झाडालाच बांधायचा. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की तो ऐकू येत नसल्यासारखं करायचा. वळणापाशी येऊन त्याने पुढे हात फिरवून बघितलं. आडवी फीत नव्हती. "म्हणजे पोरीने दुरुस्त केलं वाटतं," तो पुटपुटला. लेकीचं ऐकूनच तो पुढे आला, हे मी शपथेवर सांगेन.

मग त्याची काठी त्या चिखलातल्या लाल-पांढऱ्या ढिगाला लागली.

"अरेरे," तो म्हणाला. "पोरांच्या मार्तेनित्सा सुटल्या की. पायाखाली येतील."

पडलेली मार्तेनित्सा तुडवणं आमच्याकडे चांगलं नाही. त्याने वाकून फीत उचलली, हातांनी पुसली. दुसरं टोक वरच्या खुंटाला अडकलं होतं, तर हा माणूस माझ्या पोकळ पोटावरून चालत पलीकडे गेला, गाठ सोडवली आणि पुन्हा चालत परत आला. एकेका पावलागणिक खाली माती सुटत होती. मी जीव मुठीत धरून त्याला पेलत होते. त्याने ती सगळी फीत गोळा केली, जानकेच्या उंच फांदीला गुंडाळली आणि वर छान फुलासारखी गाठ मारली. नंतर आपली मार्तेनित्सा शेजारी बांधली.

"घे गं नेवेना," तो म्हणाला. "यंदा पोरीचं लग्न आहे."

त्याचा हात अजून फितीवर होता. बोटं फिरता फिरता थांबली. लोकर नव्हे हे. गुळगुळीत, थंड. त्याने ती ओढून बघितली, नाकाशी नेली. आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच वेळी वरून किणकिण ऐकू आली. करडाची घंटा.

यासेन पुढे होता. कालिनाच्या पाठीवर कुदळ-फावडं बांधलेलं, म्हणून ती मागे, तिची घोगरी घंटा अजून दूर होती. किणकिण जवळ येत होती, आणि यासेन कसा येतो ते मी सांगितलंय. तो फीत शोधत येत होता आणि फीत झाडावर होती, पोरांच्या मार्तेनित्सांमध्ये, मोहरासारखी बहरून.

रांगेल ओरडला. शेळ्यांना थांबवायची त्याची जुनी आरोळी होती, "त्र्र्र, हो!" नदीच्या आवाजात ती बुडाली. मग त्याने काठी टाकली आणि धावला. गुडघे गेलेला म्हातारा माझ्यावरून धावला! धप, धप, धप. माझी भेग हातभर रुंदावली. मी नुसती म्हणत होते, अजून नको, हा पलीकडे जाऊ दे, देवा, हा तेवढा जाऊ दे. तो पलीकडे पोचला आणि दोन्ही हात वर करून हलवू लागला.

यासेनला दिसला. आणि तो खूश झाला हो! सासऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा हात हलवला होता. त्याने हसून हँडलवरचा एक हात काढला आणि आपलाही हलवला.

रांगेलचा पाय मुरगळला आणि तो डोंगराच्या बाजूला आडवा पडला. आता यासेन त्याला चुकवायला नदीच्या बाजूने जाणार. दुसरीकडे जागाच नव्हती. तिथे, जिथे मी नव्हतेच.

मी जन्मभर धरून राहिले आहे. घाबरटाला दुसरं काय येतं? गच्च धरायला येतं. जानकेची मुळं माझ्या हातात होती. नेवेनाने थुंकलेली ती बी, रांगेलचं सगळं म्हातारपण त्या फांद्यांना बांधलेलं. सोडलं तर ते जाणार होतं. मीही जाणार होते, निम्मी.

मी सोडलं.

नदी म्हणते, मी खाल्लं. म्हणू दे तिला. मी सोडलं ते मला माहीत आहे. यासेनचं चाक पोचायच्या आधी सोडलं. मोठा आवाज झाला, जानका एकदा वाकली आणि सगळ्या फुलांसकट, सगळ्या मार्तेनित्सांसकट खाली गेली. यासेनच्या समोर एकदम आभाळ उघडलं. त्याने होता तेवढा ब्रेक दाबला, सायकल आडवी झाली, आणि तो घसरत येऊन रांगेलच्या अंगावर पडला. सायकलचं पुढचं चाक काठाबाहेर फिरत राहिलं. घंटा वाजत राहिली.

यासेन रांगेलच्या अंगावरून बाजूला झाला आणि त्याने काठावरून खाली बघितलं.

"फीत नव्हती," यासेन म्हणाला. त्याचे दात वाजत होते. सगळे जागेवर होते.

"होती," रांगेल म्हणाला. "मी झाडाला बांधली. मार्तेनित्सा समजून."

कालिना आली. तिने सायकल टाकून दिली. आधी यासेनला चाचपलं, मग बापाला, मग खाली बघितलं. गढूळ पाण्यात ते झाड लाल-पांढरं होऊन चाललं होतं. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

"बाबा, आईचं झाड गेलं."

"जाऊ दे," रांगेल म्हणाला. त्याने यासेनची बाही घट्ट धरली होती आणि तो ती सोडायला तयार नव्हता. "जाऊ दे गं. हा आहे ना."

हे मागच्या वर्षीचं. मेमध्ये लग्न झालं. वऱ्हाड ढोल वाजवत माझ्यावरून वर गेलं, तेव्हा नवं वळण तयार होतं, डोंगराच्या पोटात शिरलेलं. रांगेलने डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता त्याला सगळं दिसतं आणि त्याच्या तक्रारी दुप्पट झाल्यात. यासेनला तो म्होरकीची घंटा द्यायला निघाला होता, पण यासेन नको म्हणाला. "हीच राहू द्या. हीच तुम्हाला ऐकू आली." कालिना आता पिवळी फीत वापरते. उन्हाळ्यात तिघं नव्या वळणावर बसून जानका खात होती, तर म्हातारा दोघांवर खेकसला, "बिया गिळू नका! थुंका! पण नदीत नको, इकडे, वाटेच्या काठाला!"

यंदा करकोचा आला तेव्हा रांगेल एकटाच वर आला. फुललेलं झाड नसेल तर मार्तेनित्सा दगडाखाली ठेवली तरी चालते. त्याने माझ्यावरचा एक दगड उचलला, मार्तेनित्सा खाली ठेवली, दगड पुन्हा नीट बसवला आणि हाताने दोनदा थोपटला. "धडधाकट राहा," म्हणाला. इतक्या वर्षांत हजारो लोक ही लाल-पांढरी लोकर घेऊन माझ्यावरून गेले. मला कुणी म्हटलं नव्हतं.

ती अजून दगडाखाली आहे. आणि खाली, पाणचक्कीच्या अलीकडे, टप् आवाज येतोय. काल एक ढेकूळ गेलं. आज गोटा गेला. मी भेग दाखवलीय, तिच्यावर पालापाचोळा साचलाय. कालिना, वाकून बघ. तोवर जे कोणी येणार असाल ते हळू या, घंटा वाजवत या. मी धरून आहे.